हृदयाचा निरोप आणि मूत्रपिंडे

मनुष्याच्या पायांवर सूज चढते, दोन-चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागते, आणि रात्री उशीवर उशी रचल्याखेरीज त्याला निजता येत नाही. अशा रोग्याच्या शरीरात पाणी साठत आहे हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु ते का साठत आहे ह्याचे उत्तर तितके सोपे नाही. युरोपातील वैद्य पूर्वी ह्या सर्व प्रकारांना एकाच नावाने ओळखीत व तो एकच रोग आहे असे समजत. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग ह्या इंग्लिश वैद्यांनी डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांनी अशी सूज पुष्कळदा उतरते हे आपल्या ग्रंथात नमूद केले, आणि ह्या पानांचा प्रभाव हृदयाच्या गतीवर पडतो असेही लिहून ठेवले. पुढे १८२७ मध्ये लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट ह्यांनी निराळीच गोष्ट दाखवून दिली. सूज आलेल्या कित्येक रोग्यांचे मूत्र तापविले असता त्यात प्रथिनाचा साका धरतो, आणि मृत्यूनंतर तपासणी केली असता त्यांची मूत्रपिंडे विकृत झालेली आढळतात, असे त्यांना दिसले. अशा रोग्यांपैकी अनेकांचे हृदयही प्रमाणाबाहेर वाढलेले असते, हेही ब्राइट ह्यांच्या नजरेतून सुटले नाही.

दोष हृदयाचा की मूत्रपिंडांचा, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकापुढे उभा आहे. आज धाप लागलेला रोगी रुग्णालयात आला, की त्याच्या रक्ताचा थोडासा नमुना घेऊन त्यातील एका विशिष्ट पदार्थाचे प्रमाण मोजतात. हा पदार्थ हृदयातून येतो, आणि हृदयावर ताण पडला की त्याचे प्रमाण वाढते. परंतु मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर हाच आकडा वेगळ्या कारणानेही वाढतो. म्हणजे ज्या परीक्षेने दोन इंद्रियांतील वाद मिटावा, त्या परीक्षेतच दुसरे इंद्रिय साक्ष देऊ लागते. ही साक्ष कशी ऐकावी, हे समजून घेणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

दोन इंद्रिये, एकच रक्त

निरोगी प्रौढ मनुष्य विश्रांती घेत असता त्याचे हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलीत असते. ह्यापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. हे ध्यानी घेता त्यांच्या वाट्याला येणारे रक्त फारच मोठे म्हटले पाहिजे. हे रक्त त्यांच्या स्वतःच्या पोषणासाठी नसून गाळले जाण्यासाठी तेथे येते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचा एक गुच्छ असून त्यातून रक्तातील पाणी व लहान रेणू पाझरतात आणि एका लांब नलिकेत उतरतात. असे पाझरलेले द्रव मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १८० लिटर भरते. त्यातील बहुतेक सर्व पाणी व मीठ नलिका पुन्हा शोषून रक्तात परत करतात, आणि शेवटी सुमारे दीड लिटर मूत्र बाहेर पडते.

मिनिटाला किती द्रव गाळले जाते ह्या मापाला आपण येथे ‘गाळणवेग’ म्हणू. स्नायूंतून रक्तात येणाऱ्या क्रिॲटिनीन नावाच्या टाकाऊ पदार्थाचे प्रमाण मोजून गाळणवेगाचा अंदाज बांधतात. निरोगी तरुण मनुष्यात तो सामान्यतः ९० मिलिलिटरहून अधिक असतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० मिलिलिटरच्या खाली राहिला, तर मूत्रपिंडांचा दीर्घकालीन विकार जडला असे समजतात.

ह्या दोन इंद्रियांचे परस्परांवाचून चालत नाही. हृदयाने पुरेशा दाबाने रक्त धाडले नाही, तर गाळण्या चालत नाहीत. मूत्रपिंडांनी पुरेसे मीठ व पाणी बाहेर टाकले नाही, तर रक्ताचे आकारमान वाढून हृदयावर भार पडतो. एवढा निकट संबंध असल्यावर त्यांच्यात निरोपांची देवघेवही असावी, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यातील एक निरोप फार पूर्वीच सापडला होता. १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे रॉबर्ट टिगरश्टेट व त्यांचे विद्यार्थी पेर बेर्गमान ह्यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, तेव्हा त्याचा रक्तदाब वाढला. अर्कातील ह्या पदार्थाला त्यांनी ‘रेनिन’ असे नाव दिले. रक्ताचा पुरवठा कमी पडला की मूत्रपिंडे रेनिन सोडतात. त्यापासून सुरू होणाऱ्या क्रियांच्या साखळीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीर मीठ व पाणी राखून ठेवते. मूत्रपिंडांकडून हृदयाकडे जाणारा निरोप असा सापडला. हृदयाकडून मूत्रपिंडांकडे जाणारा निरोप सापडण्यास मात्र आणखी त्र्याऐंशी वर्षे लागली.

अलिंदातील कणांचे रहस्य

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन पातळ कप्प्यांना अलिंद म्हणतात व खालच्या दोन जाड कप्प्यांना निलय म्हणतात. १९५६ मध्ये ब्रूनो किश ह्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदाच्या स्नायुपेशींत काही घन कण दिसले. १९६४ मध्ये जेम्स जेमीसन व जॉर्ज पॅलाडी ह्यांनी ह्या कणांचा बारकाईने अभ्यास केला. स्रवणाऱ्या ग्रंथींच्या पेशींत जसे कण असतात, तसेच हे दिसत होते; निलयाच्या पेशींत मात्र ते तसे आढळत नव्हते. रक्त ढकलणे एवढेच ज्याचे काम, त्या स्नायूत ग्रंथीसारखे कण कशासाठी असावेत?

ह्याच सुमारास, १९५६ मध्ये, हेन्री, गाउअर व रीव्ह्ज ह्यांनी असे दाखविले होते की, कुत्र्याच्या डाव्या अलिंदात लहानसा फुगा फुगवून त्याची भिंत ताणली असता मूत्राचे प्रमाण वाढते. अलिंदाला रक्ताची भरती किती झाली आहे हे कळते व त्याची वार्ता मूत्रपिंडांपर्यंत पोचते, असा ह्याचा अर्थ होता. ही वार्ता मज्जातंतूंच्या द्वारे जात असावी असे तेव्हा मानीत, आणि काही अंशी ते खरेही होते.

कणांचे कोडे व मूत्राचे कोडे ह्यांची सांगड कॅनडातील किंग्स्टन येथील आदोल्फो द बोल्ड ह्यांनी घातली. १९८१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांच्या मूत्रातून जाणारे सोडियम तिसाहून अधिक पटींनी वाढले व मूत्राचे आकारमान सुमारे दहा पटींनी वाढले. निलयाच्या अर्काने असे काही घडले नाही. तात्पर्य, हृदय हा केवळ पंप नव्हे. तो एक ग्रंथीही आहे. ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या इंद्रियाला आज्ञा देणाऱ्या अशा पदार्थास हॉर्मोन किंवा संप्रेरक म्हणतात.

हॉर्मोनाचे कूळ

अलिंदातील हे हॉर्मोन म्हणजे अॅमिनो अम्लांची एक लहान साखळी निघाली. १९८४ मध्ये जपानमधील केंजी कांगावा व हिसायुकी मात्सुओ ह्यांनी मनुष्याच्या अलिंदातील साखळीची रचना निश्चित केली. तीत २८ अॅमिनो अम्ले असतात. तिला आद्याक्षरांवरून ए.एन.पी. म्हणतात. १९८८ मध्ये ह्याच जपानी गटाला डुकराच्या मेंदूत तिच्यासारखीच दुसरी साखळी सापडली. मेंदूत प्रथम सापडली म्हणून तिचे नाव बी.एन.पी. पडले. परंतु पुढे असे दिसून आले की, मनुष्याच्या रक्तात येणारे बी.एन.पी. मुख्यतः हृदयातून, आणि विशेषतः निलयांतून येते. नाव मेंदूचे राहिले, काम मात्र हृदयाचे ठरले.

बी.एन.पी. कसे तयार होते हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ए.एन.पी. अलिंदातील कणांत आधीच साठविलेले असते. बी.एन.पी. मात्र निलयाची भिंत ताणली गेल्यावर बहुतांशी नव्याने घडविले जाते. प्रथम १०८ अॅमिनो अम्लांची एक लांब साखळी तयार होते. तिला एक एंझाइम ठराविक जागी कापते व तिचे दोन तुकडे होतात. ३२ अॅमिनो अम्लांचा तुकडा हे खरे हॉर्मोन, म्हणजे बी.एन.पी., होय. उरलेला ७६ अॅमिनो अम्लांचा तुकडा हॉर्मोनाचे काही काम करीत नाही, त्याला एन.टी.-प्रो-बी.एन.पी. म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘जोडतुकडा’ म्हणू. एक हॉर्मोन घडले की एक जोडतुकडाही रक्तात पडतो. म्हणून हृदयाने किती हॉर्मोन घडविले ह्याचा अंदाज दोहोंपैकी कोणत्याही तुकड्यावरून बांधता येतो, आणि प्रयोगशाळा कधी एक मोजतात, तर कधी दुसरा.

हे हॉर्मोन मूत्रपिंडात पोचले की गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी रुंदावते, गाळणवेग वाढतो, आणि नलिका मीठ कमी प्रमाणात परत शोषतात. रेनिनचा स्रावही त्यामुळे दबतो. शरीरातील इतर रक्तवाहिन्या सैल पडतात. ह्या सर्वांचा परिणाम एकच, हृदयावरील भार हलका होणे. ताणले गेलेले हृदय जणू मूत्रपिंडांना सांगते, “पाणी अधिक झाले आहे, थोडे बाहेर सोडा.”

हृदयनिष्फलतेत निरोप वाया का जातो

वैद्यकात ज्या अवस्थेला हृदयनिष्फलता म्हणतात, तिचा अर्थ हृदय बंद पडणे असा नव्हे. शरीराला लागते तेवढे रक्त पुरविणे हृदयाला जमत नाही, किंवा आतील दाब वाढवूनच ते जमते, असा तिचा अर्थ आहे. अशा हृदयाच्या भिंती सतत ताणलेल्या असल्याने ते बी.एन.पी. भरपूर सोडते. मग प्रश्न असा येतो की, पाणी बाहेर टाकविणारे हॉर्मोन एवढे असताना रोग्याच्या अंगावर सूज का राहते?

ह्याचे कारण असे की, त्याच वेळी उलट दिशेचा निरोपही जोरात चालू असतो. दुर्बल हृदयाकडून मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते. शरीरातील रक्तच कमी झाले आहे असा त्यांचा ग्रह होतो, आणि रेनिनची साखळी मीठ व पाणी राखण्याची आज्ञा देते. ह्या दुसऱ्या आज्ञेचा जोर अधिक पडतो. दीर्घकाळ हॉर्मोनाच्या माऱ्याखाली राहिलेली मूत्रपिंडे त्याला पूर्वीसारखा प्रतिसादही देत नाहीत. शिवाय अशा रोग्यांच्या रक्तात न कापलेली १०८ अॅमिनो अम्लांची साखळी बरीच असते. नेहमीच्या परीक्षेत तीही काही अंशी मोजली जाते, परंतु तिचा गुण फार कमी असतो. आकडा मोठा दिसतो, पण त्याच्यामागे तितके बळ नसते.

पुढे पुढे नीलांमध्ये रक्त तुंबते. मूत्रपिंडांतून बाहेर पडणाऱ्या रक्ताला मागून अडथळा होतो व गाळणवेग आणखी घटतो. अशा रीतीने हृदयाचा विकार मूत्रपिंडांचा विकार बनतो, आणि मूत्रपिंडांचा विकार हृदयावर परत उलटतो.

हौद आणि दोन नळ

येथे शाळेतील अंकगणिताचा एक जुना प्रश्न आठवावा. एका हौदात वरच्या नळाने पाणी येते व खालच्या नळाने जाते. तर हौदात पाणी किती राहील? केवळ वरच्या नळाकडे पाहून ह्याचे उत्तर देता येत नाही. रक्तातील कोणत्याही पदार्थाचे प्रमाण असेच ठरते. किती आले आणि किती निघून गेले, ह्या दोहोंचा तो मेळ असतो. बी.एन.पी.चा वरचा नळ हृदयात आहे. खालचे नळ मात्र एकाहून अधिक आहेत.

पहिला नळ पेशींवरील एका विशिष्ट ग्राहीचा आहे, तो बी.एन.पी.ला पकडून पेशीच्या आत ओढतो व तेथे त्याचा नाश होतो. दुसरा नळ नेप्रिलायसिन नावाच्या एंझाइमाचा. ते साखळीचे तुकडे करते. तिसरा नळ मूत्रपिंडांचा. ह्या तिन्हींमुळे रक्तातील बी.एन.पी. सुमारे २० मिनिटांत निम्म्यावर येते. जोडतुकड्याला पहिले दोन नळ उपलब्ध नाहीत. तो ग्राहीला चिकटत नाही व नेप्रिलायसिनकडून कापला जात नाही. मूत्रपिंडे व रक्ताचा मोठा पुरवठा असलेली इतर इंद्रिये ह्यांच्याद्वारे तो सावकाश निघून जातो. म्हणून त्याला निम्म्यावर येण्यास एक ते दोन तास लागतात, आणि रक्तात त्याचे प्रमाणही बी.एन.पी.पेक्षा अधिक असते.

आता समजा, एखाद्या पदार्थाचा अर्धा निचरा मूत्रपिंडांतून व अर्धा इतर मार्गांनी होतो. मूत्रपिंडांचे कार्य निम्म्यावर आले, तर एकूण निचरा चारात तीन एवढा उरेल. हृदयातून येणारा पुरवठा पूर्वीइतकाच असेल, तर रक्तातील प्रमाण वाढून पूर्वीच्या सव्वापटीहून किंचित अधिक होईल. मूत्रपिंडे पूर्णपणे थांबली असे मानले, तरी ते दुप्पट होईल. त्याहून अधिक नाही. हा हिशेब केवळ कल्पित आहे, परंतु त्यातून एक मर्माची गोष्ट कळते. खालचा एक नळ तुंबल्याने पातळी वाढते हे खरे. पण ती दहापट किंवा वीसपट वाढली असेल, तर वरचा नळ अधिक उघडला आहे असे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रत्यक्षात नेमके हेच आढळते. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमनीतील व त्यांतून निघणाऱ्या नीलेतील रक्त एकाच वेळी तपासून पाहिले असता, दोन्ही तुकड्यांचा साधारण पाचवा ते सहावा भाग एका फेरीत मूत्रपिंडे काढून घेतात असे दिसून आले आहे. मूत्रपिंडांच्या जीर्ण विकारात मात्र रक्तातील प्रमाण कित्येकदा ह्या हिशेबाच्या पलीकडे वाढलेले असते. ह्याचे कारण उघड आहे. मीठ व पाणी साठून हृदयाच्या भिंती ताणतात. वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजून निलयाचा स्नायू जाड होतो. रक्तातील हीमोग्लोबिन घटल्याने हृदयाला अधिक श्रम पडतात. म्हणजे अशा रोग्यातील वाढीव आकड्याचा काही भाग निचरा कमी झाल्याचा, आणि बराचसा भाग हृदयाला खरोखर होणाऱ्या त्रासाचा असतो. “मूत्रपिंडे बिघडलेली आहेत, तेव्हा आकडा खोटा” असे म्हणून तो बाजूला सारणे हे चुकीचे आहे. निदानास स्पष्ट हृदयनिष्फलता नसतानाही ज्या मूत्रपिंडरोग्यांत हा आकडा मोठा असतो, त्यांना पुढे हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका अधिक असतो असे अनुभवास आले आहे.

सीमामूल्ये आणि त्यांचे वाचन

ही हॉर्मोने अतिशय अल्प प्रमाणात असतात. त्यांचे माप पिकोग्रॅममध्ये करतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. २००२ मध्ये अमेरिका, फ्रान्स व नॉर्वे येथील रुग्णालयांत तातडीच्या विभागात धाप लागून आलेल्या १,५८६ रोग्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. एक मिलिलिटर रक्तद्रवात १०० पिकोग्रॅम बी.एन.पी. ही सीमा धरली असता, धापेचे कारण हृदयनिष्फलता आहे की नाही हे शेकडा सुमारे ८३ रोग्यांत बरोबर सांगता आले. फुप्फुसाचा विकार की हृदयाचा, हा प्रश्न पूर्वी पुष्कळदा अनुमानानेच सोडवावा लागे. तेथे रक्ताच्या एका परीक्षेने एवढी मदत व्हावी, ही मोठीच प्राप्ती होती.

पुढच्याच वर्षी ह्याच पाहणीतील रोग्यांची गाळणवेगानुसार विभागणी करण्यात आली. गाळणवेग ९० किंवा अधिक असणाऱ्या गटात सर्वांत योग्य सीमा सुमारे ७० पिकोग्रॅम निघाली. ६० ते ८९ च्या गटात ती सुमारे १०५, ३० ते ५९ च्या गटात सुमारे २००, आणि ३० हून कमी गाळणवेगाच्या गटात सुमारे २२५ निघाली. जोडतुकड्याच्या बाबतीतही असेच आढळले. बॉस्टन येथील रोग्यांच्या पाहणीवरून २००६ मध्ये असे सुचविण्यात आले की, गाळणवेग ६० हून कमी असल्यास त्याची सीमा १,२०० पिकोग्रॅम धरावी. एरवी त्याची सीमा वयाप्रमाणे बदलतात. पन्नाशीच्या आत ती ४५०, पन्नास ते पंचाहत्तर वर्षांत ९००, आणि त्यापुढे १,८०० धरतात. वाढत्या वयाबरोबर सीमा वाढविण्यात मूत्रपिंडांच्या वार्धक्याचाही हिशेब काही अंशी आपोआप होतो, कारण वयोमानाप्रमाणे गाळणवेग घटतच असतो.

ह्या आकड्यांचा उपयोग कसा करावा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. साठ वर्षांचे दोन रोगी धाप लागून आले, आणि दोघांचे बी.एन.पी. १५० पिकोग्रॅम निघाले. पहिल्याचा गाळणवेग ९५ आहे, दुसऱ्याचा ३५. पहिल्याच्या बाबतीत हा आकडा त्याच्या सीमेच्या दुप्पट असून हृदयाकडे बोट दाखवितो. दुसऱ्याच्या बाबतीत तोच आकडा त्याच्या सीमेच्या आत आहे. तेथे फुप्फुसाचा दाह, रक्तक्षय अथवा अन्य कारण आधी शोधले पाहिजे. आता दुसऱ्या रोग्याचे बी.एन.पी. १५० नसून ९०० निघाले असे समजा. ‘मूत्रपिंडांमुळे वाढले असेल’ एवढ्यावर समाधान मानून त्याला घरी पाठविणे धोक्याचे होईल, कारण एवढी वाढ केवळ निचरा कमी झाल्याने होत नाही. त्याच्या हृदयाची ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासणी झालीच पाहिजे.

आकडा लहान असेल तेव्हा मात्र मूत्रपिंडांचा अडसर फारसा उरत नाही. मूत्रपिंडांचा विकार आकडा वाढवितो, घटवीत नाही. म्हणून गाळणवेग कमी असूनही बी.एन.पी. १०० च्या आत किंवा जोडतुकडा ३०० च्या आत असेल, तर तीव्र हृदयनिष्फलतेची शक्यता फारच थोडी उरते. ह्याला एक अपवाद स्थूल व्यक्तींचा आहे. त्यांच्या रक्तात ही हॉर्मोने मुळातच कमी आढळतात. तेव्हा त्यांच्या बाबतीत लहान आकड्यानेही निश्चिंत होता येत नाही. उलट, अलिंदांचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात आकडा वाढतो. तात्पर्य, सीमामूल्य ही शेतातील दगडी खूण नव्हे. रोग्याचे वय, बांधा, ठोक्यांची लय व गाळणवेग पाहून ती मागे-पुढे सरकवावी लागते.

स्वतःशीच केलेली तुलना

ज्या रोग्याचे मूत्रपिंड फारच निकामी झाले आहे, विशेषतः ज्याचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागते, त्याचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. अशा ठिकाणी एकट्या आकड्याची इतरांशी तुलना करून फारसे हाती लागत नाही. त्या रोग्याच्या स्वतःच्या मागील आकड्यांशी तुलना करणे अधिक उपयुक्त ठरते. एखाद्याचे बी.एन.पी. कित्येक महिने २२० च्या आसपास होते आणि गाळणवेग तोच असताना ते ७०० वर गेले, तर खालच्या नळात काही बदल झालेला नाही. वरचा नळ अधिक उघडला आहे, हे निश्चित. परंतु त्याच वेळी क्रिॲटिनीनही वाढलेले असेल, तर दोन्ही नळांचा विचार केला पाहिजे. ह्यासाठी हृदयाच्या हॉर्मोनाचा आकडा वाचताना त्याच दिवसाच्या क्रिॲटिनीनचा आकडा शेजारी ठेवावा. दोन्ही परीक्षांना थोडेसेच रक्त लागते; एकीशिवाय दुसरी वाचणे म्हणजे जमेची बाजू पाहून खर्चाची न पाहण्यासारखे आहे.

औषधांनीही नळ कमी-अधिक उघडतात, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. हृदयनिष्फलतेत सॅक्युबिट्रिल व व्हॅल्सार्टान ह्यांचे संयुक्त औषध देतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पूर्वीच्या प्रमाणभूत औषधाच्या तुलनेत ह्या औषधाने हृदयविकारामुळे होणारे मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग ह्यांचा एकत्रित धोका सुमारे एक-पंचमांशाने घटला. ह्यातील सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिनला अडविते, म्हणजे हॉर्मोनाचा नाश करणारा एक नळ मुद्दाम बंद करते. साहजिकच रोग्याची प्रकृती सुधारत असतानाही त्याचे बी.एन.पी. वाढलेले दिसू शकते. जोडतुकड्याला मात्र नेप्रिलायसिनचा नळ नाहीच. म्हणून हृदयाचा ताण उतरला की तो खरोखर उतरतो. अशा रोग्यात जोडतुकडाच मोजणे इष्ट होय. हौदाचे चित्र ज्याच्या मनात पक्के आहे, त्याला ह्या उलटसुलट आकड्यांचे कोडे पडत नाही.

उपसंहार

मधुमेह व वाढलेला रक्तदाब हे दोन विकार हृदय व मूत्रपिंडे ह्या दोहोंना एकाच वेळी पोखरतात. म्हणून हृदयनिष्फलतेच्या रोग्यांत मूत्रपिंडे मंदावलेली असणे हा अपवाद नसून नित्याचा प्रकार आहे. ज्यांना ही रक्तपरीक्षा सर्वाधिक हवी, त्यांच्यातच तिचे वाचन सर्वांत कठीण, अशी ही स्थिती आहे. परंतु कठीण म्हणजे निरर्थक नव्हे. हॉर्मोनाचा उगम कोठे, निचरा कोठे, आणि ह्या रोग्यात कोणता मार्ग किती अडला आहे, एवढे प्रश्न क्रमाने विचारले की आकड्याला अर्थ येतो.

दोनशे वर्षांपूर्वी ब्राइट ह्यांनी सुजलेल्या देहांत विकृत मूत्रपिंडे व वाढलेले हृदय एकत्र पाहिले. त्या दोहोंमधील निरोप आज मोजता येतात. हृदयाचा निरोप मूत्रपिंडांसाठी असतो. तो आपण वाटेत थांबवून वाचतो, एवढेच. म्हणून तो वाचताना, ज्याला तो धाडला होता त्याची प्रकृती कशी आहे, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये.